नटिंगसाहेब, पैलवानाला खुराक द्या : पायरेट्सच्या मालकांना खुले पत्र

श्री. बॉब नटिंग,
मालक, पिट्सबर्ग पायरेट्स, यांस

स. न. वि. वि.

हे पत्र मी मराठीत लिहिते आहे. माझी लेक त्याचं इंग्रजी करून तुमच्या नॉर्थ शोअरवरच्या कचेरीत पाठवेल. मराठी पत्र मात्र मी इथे सगळ्यांसमोर ठेवते आहे. तेहेतीस वर्षं मी या शहरात राहते, इंग्रजीत नोकरी केली, पण ज्या गोष्टीने जीव तळमळतो ती मला अजून आईच्याच भाषेत सांगता येते.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तुमच्या बेसबॉल संघातल्या पॉल स्कीन्सला साय यंग पुरस्कार जाहीर झाला. मेजर लीगच्या दोन गटांपैकी नॅशनल लीगमधला वर्षातला सर्वोत्तम पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. मत देणाऱ्या तीसही पत्रकारांनी पहिलं नाव त्याचंच लिहिलं. पोरगा तेव्हा २३ वर्षांचा. त्या हंगामात त्याची सरासरी १.९७, म्हणजे नऊ इनिंगमागे समोरच्याला धड दोन धावाही नाहीत. २१६ बॅटर त्याने स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद. घरात पेढे वाटावेत अशी बातमी, आणि मी ती वाचून स्वयंपाकघरात डोळे पुसत उभी राहिले. कारण बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय-पराभव पिचरच्या नावावरही लिहितात, आणि त्याच ओळीत पुढे त्याच्या नावावरचे विजय लिहिले होते १०, आणि पराभवही १०. विजय-पराभव समसमान असताना हा पुरस्कार मिळवणारा तो पहिलाच स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर.

हे पराभव त्याचे नव्हते, साहेब. १६२ सामन्यांत आपल्या संघाने ५८३ धावा केल्या, तीस संघांत सर्वांत कमी. पोराने समोरच्याला एका धावेवर रोखायचं आणि आपल्या बॅटरनी तीही करायची नाही, असं उन्हाळाभर चाललं. हंगाम संपला तेव्हा ७१ विजय आणि ९१ पराभव.

माझं माहेर कोल्हापूरचं, गंगावेशीतलं. तालमीच्या मागच्या गल्लीत आमचं घर. पहाटे जोर-बैठकांचा आवाज यायचा आणि संध्याकाळी थंडाई घोटल्याचा वास. आबांना स्वतःला कुस्ती कधी जमली नाही, पण खासबागेतलं एकही मैदान त्यांनी चुकवलं नाही. खासबाग शाहू महाराजांनी बांधली, १९१२ साली. पण कोल्हापूरचा माणूस महाराजांचं नाव घेतो ते केवळ त्या बांधकामासाठी नाही. त्यांनी पैलवानांना आश्रय दिला, त्यांच्या खुराकाची जबाबदारी घेतली. आबा म्हणायचे, मैदान एकदा बांधलं की उभं राहतं, पैलवानाला मात्र रोज दूध-तूप-बदाम लागतात, आणि त्याची कुस्ती वर्षातून चार वेळा. ज्याला हा रोजचा खर्च सोसतो त्यानेच तालीम चालवावी.

तुमच्याकडे मैदान आहे. पीएनसी पार्कइतकं देखणं मैदान अमेरिकेत दुसरं नाही, असं परगावचे लोकही म्हणतात. आउटफील्डच्या पलीकडे अलेगेनी नदी, नदीवर आपल्या जुन्या थोर खेळाडूच्या, रॉबर्टो क्लेमेंटेच्या नावाचा पिवळा पूल, त्यामागे शहराच्या उंच इमारती. उजवीकडची भिंत बरोबर २१ फूट, कारण क्लेमेंटेच्या पाठीवरचा आकडा २१ होता. पण हे मैदान उभं कसं राहिलं तेही लक्षात असू द्या. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये अकरा काउंट्यांतल्या, म्हणजे जिल्ह्यांतल्या, मतदारांना विचारलं होतं, की मैदानांसाठी विक्रीकर वाढवायचा का. लोकांनी नाही म्हटलं. मग दुसरी योजना आली, आणि तरीही मोठा वाटा सार्वजनिक पैशाचाच राहिला. अलेगेनी काउंटीत आम्ही राज्याच्या ६ टक्के विक्रीकरावर आणखी १ टक्का भरतो, त्यातलाही पैसा मैदानांच्या कर्जाकडे गेला. तेव्हा तुम्ही मालक नव्हता, मान्य. पण खासबाग महाराजांनी बांधली होती, आणि पीएनसी पार्क बऱ्याच अंशी आम्ही. तुमच्याकडे उरलं ते फक्त खुराकाचं काम.

मराठी वाचकांसाठी दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर त्यांना वाटेल की ही बाई मालकाच्या खिशावर उगाच डोळा ठेवून आहे. आयपीएलमध्ये लिलावाआधी प्रत्येक संघाच्या हातात सारखीच थैली असते. २०२५ साठी ती १२० कोटी रुपयांची होती, आणि त्यातले किमान ७५ टक्के खर्च करावेच लागतात. त्यामुळे श्रीमंत मालक खेळाडूंचा बाजार लुटू शकत नाही आणि चिक्कू मालक पैसे गाठीला बांधून बसू शकत नाही. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये यातलं काहीच नाही. वर कडक मर्यादा नाही, खाली सक्ती नाही. एका ठरावीक आकड्यापुढे खर्च गेला तर दंडासारखा कर बसतो, २०२५ मध्ये तो आकडा २४.१ कोटी डॉलर होता, पण लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना त्याची फिकीर नाही. न्यूयॉर्क मेट्सनी हुआन सोटो या एकट्या खेळाडूला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर कबूल केले. पायरेट्सच्या अख्ख्या संघाचा २०२५ चा पगार ९ कोटींच्या आसपास होता. स्कीन्सचा त्यातला वाटा ८ लाख ७५ हजार, कारण पहिली काही वर्षं खेळाडूला संघ सोडून जाता येत नाही आणि पगार जवळजवळ संघच ठरवतो.

ही व्यवस्था अन्यायी आहे, हे मी आधीच कबूल करते. पिट्सबर्गची बाजारपेठ न्यूयॉर्कएवढी नाही, टीव्हीच्या पैशात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डॉजर्ससारखा खर्च करा असं पिट्सबर्गमधल्या कुणीही तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. पण ही व्यवस्था तुम्हाला रिकाम्या हातानेही पाठवत नाही. प्रत्येक संघाच्या स्थानिक उत्पन्नातला ४८ टक्के पैसा एका ठिकाणी जमा होतो आणि तीस संघांत सारखा वाटला जातो. म्हणजे न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाने काढलेल्या तिकिटातला हिस्सा पिट्सबर्गला येतो, आणि तो येतो इथला संघ बळकट व्हावा म्हणून. २०१० मध्ये संघाचे हिशेबाचे कागद बाहेर आले, तेव्हा कळलं की २००७ आणि २००८ या दोन वर्षांत मिळून सुमारे २ कोटी ९४ लाख डॉलरचा नफा झाला होता. ती दोन्ही वर्षं हरण्याची होती. २०१८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने चार संघांविरुद्ध तक्रार केली, की वाटणीचा पैसा हे संघावर नीट खर्च करत नाहीत. त्या चारांत आपलं नाव होतं. माझ्या शहराचं नाव अशा यादीत वाचताना मला काय वाटलं असेल, याचा विचार तुमच्या घरी कधी झाला का?

मी १९९२ च्या ऑगस्टमध्ये इथे शिकायला आले. ऑक्टोबरच्या १४ तारखेच्या रात्री वसतिगृहाच्या टीव्हीसमोर सगळे बसले होते, म्हणून मीही बसले. नियम एकही कळत नव्हता. आपण २-० ने पुढे, शेवटची इनिंग, आणि मग अटलांटाने एकामागून एक माणसं बेसवर चढवली. सिड ब्रीम नावाचा त्यांचा एक माणूस, पाय अधू झालेला, दुसऱ्या बेसवरून धावत सुटला. डावीकडून आपल्या बॅरी बॉण्ड्सने चेंडू फेकला. ब्रीम घसरत घसरत, जिथे धाव पुरी होते त्या प्लेटपर्यंत पोचला, आणि खोलीतली मुलं लहान लेकरांसारखी रडली. पुढे कळलं, की हा ब्रीम दोन वर्षांपूर्वीपर्यंत आपलाच होता. करार संपला, अटलांटाने जास्त पैसे देऊ केले, तो गेला. १९९२ च्याच हिवाळ्यात बॉण्ड्सही गेला. माझी बेसबॉलशी ओळख झाली ती अशी, आपल्याच माणसाने आपल्याला हरवताना बघून.

त्यानंतर ओळीने वीस हंगाम आपण जिंकलेल्यांपेक्षा जास्त सामने हरलो. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळात एवढी लांब रांग दुसऱ्या कुणाची नाही. माझी लेक २००३ ची. शाळेत ‘आपला संघ’ म्हणून तिने कधी जिंकणारा संघ पाहिलाच नव्हता, आणि तरी ती दर उन्हाळ्यात कॅलेंडरवर सामने खुणा करून ठेवायची. त्या काळातही तुमच्या संघाने आम्हाला एक आनंद दिला होता, तो विसरून चालणार नाही. २००८ च्या शेवटी पायरेट्सनी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं. बेसबॉल न खेळलेली पोरं, भारतात घेतलेल्या एका स्पर्धेतून निवडलेली. दोघं मेजर लीगपर्यंत पोचली नाहीत. पण माझ्या कोल्हापूरच्या मावशीने आयुष्यात पहिल्यांदा ‘पायरेट्स’ हा शब्द उच्चारला तो त्या वर्षी. धाडस करायची वृत्ती या संघात आहे, हे मला ठाऊक आहे. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये तुम्ही अकादमी उभारली तेही ठाऊक आहे.

आणि मग २०१३ आलं. १ ऑक्टोबरची रात्र, सिनसिनाटीविरुद्ध एकच सामना, हरला तो घरी. चाळीस हजार माणसं काळे कपडे घालून आली होती. लेक दहा वर्षांची, माझ्या मांडीला मांडी लावून. अख्खं मैदान त्यांच्या पिचरच्या नावाने एका सुरात ओरडत होतं, ‘क्वे-टो, क्वे-टो’, आणि त्याच्या हातून चेंडू सुटून जमिनीवर पडला. पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होम रन मारला. नदीवर बोटी भोंगे वाजवत होत्या. घरी येताना लेकीचा आवाज बसला होता आणि पुलावर अनोळखी म्हातारी माणसं तिला मिठी मारत होती. त्यातल्या एका आजोबांनी १९७१ आणि १९७९ च्या, आपण जिंकलेल्या, दोन्ही वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाच्या लढती, पाहिल्या होत्या. ते म्हणाले, आता मला मरायला हरकत नाही. हे शहर असं आहे, साहेब. थोडक्यात खूश होणारं.

२०१५ च्या उन्हाळ्यात आबा आले. मी त्यांना मैदानावर नेलं, तेव्हा गेरिट कोल पिच करत होता. उंच, दाढीवाला, पायाने माती उकरून चेंडू टाकणारा. आबांना चेंडूचं काहीच कळत नव्हतं, पण त्याचे खांदे आणि मांड्या बघून म्हणाले, ‘हा तुमचा हिंदकेसरी दिसतोय. कुणी तयार केला?’ मी सांगितलं, २०११ मध्ये सगळ्या देशातून पहिला निवडून आणला, इथेच वाढवला. त्या वर्षी कोलने १९ सामने जिंकले. संघाने ९८ जिंकले, सेंट लुईस सोडलं तर साऱ्या बेसबॉलमध्ये कुणाचेच त्याहून जास्त नव्हते. मैदानावर जवळजवळ २५ लाख माणसं आली. पुन्हा तो एकच सामना पदरी आला, आणि आपण हरलो.

मला तुमच्याशी त्या हिवाळ्याबद्दल बोलायचं आहे. २०१५ चा डिसेंबर. संघ तयार होता, पोरं ऐन उमेदीत होती, लोक रांगा लावून येत होते. अजून दोन चांगली माणसं आणायची ती वेळ. त्याऐवजी आपल्याच गावचा नील वॉकर न्यूयॉर्कला दिला, आणि रिकाम्या जागा स्वस्तात मिळतील त्यांनी भरल्या. पुढच्या वर्षी ९८ चे ७८ झाले. या एका हिवाळ्याचं दुःख मला वीस वर्षांच्या पराभवांपेक्षा मोठं वाटतं. त्या वीस वर्षांत निदान हातात काही नव्हतं. इथे ताट वाढलेलं होतं.

मग २०१८ चा जानेवारी. दोन दिवसांच्या अंतराने गेरिट कोल ह्यूस्टनला आणि गावाचा लाडका बॅटर अँड्र्यू मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला दिला. पन्नास हजारांहून जास्त लोकांनी, संघ विकायला लावा अशी मागणी करणाऱ्या अर्जावर सह्या केल्या. आबांचा फोन आला तेव्हा त्यांनी सहज विचारलं, ‘तो तुमचा उंच पोरगा काय म्हणतो?’ मी म्हटलं, ‘आबा, तो दुसऱ्या संघाला दिला.’ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तयार झालेला पैलवान दुसऱ्याच्या तालमीला दिला? आणि लोकांनी तिकीट कुणाचं काढायचं?’ पुढे यांकीजनी कोलला नऊ वर्षांसाठी ३२.४ कोटी डॉलर दिले, आणि २०२३ मध्ये त्याने साय यंग जिंकला, न्यूयॉर्कच्या कपड्यांत.

आता स्कीन्सकडे बघा. २०२३ मध्ये सगळ्या देशातून पहिला निवडलेला. २०२४ च्या मे महिन्यात पहिला सामना खेळला, त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला, दुसऱ्या वर्षी साय यंग. कोलचीच पत्रिका, त्याहून बलवान. २०२९ च्या हंगामानंतर तो मोकळा होईल. म्हणजे तुमच्या हातात चार उन्हाळे आहेत. डिसेंबर २०२६ मध्ये खेळाडू आणि मालकांमधला करार संपतोय, नवे नियम येतील, मग बघू, असं कृपा करून म्हणू नका. पगाराच्या मर्यादेवरून १९९४ मध्ये संप झाला आणि वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. तो वाद मिटायची वाट बघत बसलात तर चारातला एक उन्हाळा कदाचित खेळल्याशिवायच जाईल.

लहान गावांना जमत नाही, हे मी ऐकून घेणार नाही. मिलवॉकीची बाजारपेठ पिट्सबर्गहून लहान. २०२५ मध्ये त्यांनी ९७ सामने जिंकले, साऱ्या बेसबॉलमध्ये सर्वांत जास्त. त्यांचा जॅक्सन चुरिओ मेजर लीगमध्ये एकही सामना खेळायच्या आधी त्यांनी त्याला आठ वर्षांसाठी ८.२ कोटी डॉलर दिले. कॅन्सस सिटीचीही लहानच. २०२३ मध्ये ते १०६ सामने हरले. त्या हिवाळ्यात त्यांच्या मालकाने बॉबी विट ज्युनियरला अकरा वर्षांसाठी जवळजवळ २९ कोटींचा करार दिला, शिवाय बाहेरून पिचर आणले. पुढच्या ऑक्टोबरमध्ये ते प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत होते. १०६ पराभवांनंतर कुठला हिशेबनीस त्यांना हे करा म्हणाला असेल? मालकाने मनावर घेतलं, आणि आपल्या गावाला कळवलं की हा मुलगा इथेच राहणार.

तुम्ही ब्रायन रेनॉल्ड्सला दहा कोटींच्या वरचा करार दिलात, मिच केलरला ७.७ कोटींचा. ते मी नाकारत नाही. पण बाहेरच्या खुल्या बाजारातून एखाद्या खेळाडूला एकापेक्षा जास्त वर्षांचा करार दिलात तो २०१६ च्या डिसेंबरमध्ये, इव्हान नोव्हाला, आणि त्यानंतर २०२५ चा हंगाम संपेपर्यंत कुणालाच नाही. नोव्हा आला तेव्हा माझी लेक तेरा वर्षांची होती, आता ती नोकरी करते. २०१९ ते २०२५ अशी सात वर्षं ओळीने आपण हरणारे. तुम्ही २००७ पासून मालक आहात, २०२५ पर्यंतच्या १९ हंगामांत फक्त तीनदा आपण ऑक्टोबरमधली बाद फेरी पाहिली. २०२५ च्या एप्रिलमध्ये घरच्या पहिल्याच सामन्याला माणसं उभी राहून ‘संघ विका’ म्हणून ओरडली. त्यांच्यावर रागावू नका. जो तिकीट काढून ओरडतो त्याला अजून आशा असते.

त्याच महिन्यात उजव्या भिंतीवरचा क्लेमेंटेचा २१ आकडा झाकून तिथे दारूची जाहिरात लागली. लोकांचा संताप झाला, संघाने चूक मान्य केली, आकडा परत लागला. मी तो विषय उकरणार नव्हते. पण क्लेमेंटे १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघालेल्या विमानात गेला. त्याचा आकडा आणि जाहिरातीची जागा यांतलं एक निवडायची वेळ कुणावर येते, तेव्हा सगळ्या हिशेबाच्या वहीत काय आधी मांडलं जातं ते आम्हाला दिसतं. म्हणून लिहिलं.

माझं मागणं मोठं नाही. या हिवाळ्यात मधल्या फळीत उभे राहतील असे दोन खरे बॅटर आणा, दोन-तीन वर्षांच्या करारावर, बाजारभावाने. स्कीन्सला बोलावून घ्या आणि त्याच्यापुढे एक आकडा ठेवा, जो बघून तुमच्याच पोटात गोळा येईल. तो नाही म्हणाला तर आम्हाला सांगा. तुम्ही विचारलंत एवढं कळलं, तरी आम्ही त्याला दोष देणार नाही आणि तुम्हालाही देणार नाही. आणि यातलं काहीच करायची तुमची इच्छा नसेल, तर ज्याची असेल त्याच्या हाती संघ द्या. संघाची किंमत आज सव्वा अब्ज डॉलरच्या वर सांगतात. तुमचं त्यात नुकसान होणार नाही.

आबा आता पंच्याऐंशीचे आहेत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना आणायचं ठरवलंय, बहुधा त्यांचा शेवटचाच लांबचा प्रवास. लेक म्हणते, स्कीन्स ज्या दिवशी पिच करेल त्या दिवसाचीच तिकिटं काढू. तिसऱ्या बेसमागे, सावलीतल्या बाजूला. पोरगा आठ इनिंग टाकेल आणि आबा त्याचे खांदे न्याहाळतील. मग फळ्याकडे बोट करून मला विचारतील, आपल्या किती झाल्या म्हणून.

आपली,
पिट्सबर्गची एक प्रेक्षक,
मूळ गाव कोल्हापूर